शेजारचा रंग

मुलांनो, पॅरिस शहरात गोब्लँ नावाचा जुना कारखाना आहे. तेथे रंगीत धाग्यांनी मोठमोठी चित्रे विणतात. 1824 साली शेव्रल नावाचे शास्त्रज्ञ तेथील रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तेव्हा तक्रार होती, ‘काळा धागा फिका दिसतो.’ दोष रंगाऱ्यांवर येई. शेव्रल यांनी धागे तपासले. रंगाई चांगलीच होती! निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी काळा रंग फिका वाटत होता.

तुम्हीही करून पाहा. राखाडी कागदाचे दोन सारखे तुकडे कापा. एक काळ्या कागदावर ठेवा, दुसरा पांढऱ्या कागदावर. काळ्यावरचा तुकडा उजळ दिसेल, पांढऱ्यावरचा गडद. म्हणून चित्र रंगवताना प्रत्येक रंगाचा शेजारही पाहा.