शिशाची वजने : घरगुती हुन्नर, पण घराच्या बाहेर

आम्ही कापड आणि सुताचे व्यापारी. किनाऱ्याकडच्या गिऱ्हाइकांना जाळ्यांसाठी नायलॉनचे सूत लागते, आणि सूत घेता घेता ते शिशाच्या वजनांची चौकशी हमखास करतात. पाग फेकायचा असो, गरी टाकायची असो की लांब जाळे बुडवायचे असो, शिशाशिवाय काम होत नाही. हे वजन शेगडी, कढई आणि साचा एवढ्यावर तयार होते. त्यामुळे थोड्या भांडवलात काही सुरू करू इच्छिणाऱ्या तरुणांचे लक्ष या कामाकडे जाते. काम सोपे आहे, यात शंका नाही. मात्र ते कोठे करावे आणि कोणत्या भंगारापासून करावे, हे न समजता त्यात कोणी पडू नये, म्हणून आजचा हा धडा.

आधी नावाचा घोळ मिटवू. आमच्यासारखे उर्दू शाळेत शिकलेले लोक या धातूला ‘सीसा’ म्हणतात आणि काचेला ‘शीशा’. मराठीत धातू तो शिसे आणि बाटली ती शिशी. शिसपेन्सिलीत तर शिसे नसतेच, असते ते ग्राफाइट. भंगारवाल्याकडे मागणी करताना शब्द नीट वापरावा.

शिशालाच मागणी का? कारण ते जड आहे. एक घनसेंटिमीटर शिसे ११.३४ ग्रॅम भरते. २० मिलिमीटर व्यासाची गोळी साधारण साडेसत्तेचाळीस ग्रॅमची होते, तर १० मिलिमीटरची सहा ग्रॅमलाही किंचित कमी पडते. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होते. नवशिका कारागीर नेमका येथे चुकतो आणि अंदाजाने साचा कोरतो. साचा कोरण्याआधी हा हिशेब कागदावर मांडावा. पागाच्या घेराला लावायच्या सर्व गोळ्या सारख्या वजनाच्या हव्यात. एका बाजूला जड आणि दुसऱ्या बाजूला हलक्या बसल्या तर पाग गोल उघडत नाही, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या खेपेला येत नाही.

आता कच्चा माल. मोटारींच्या चाकांचा तोल साधण्यासाठी लावलेली वजने, जुन्या केबलवरचे शिशाचे आवरण, शिशाचे जुने नळ आणि बंद पडलेल्या छापखान्यांतले खिळे भंगारात मिळतात. उर्दू मजकूर कातिब हाताने लिहीत असल्याने त्याला खिळ्यांची गरज फारशी नव्हती, पण मराठी छापखाने खिळ्यांवरच चालत. या खिळ्यांत शिशाबरोबर अँटिमनी आणि कथील असते. त्यामुळे धातू कडक होतो आणि साच्यात रेषा स्वच्छ उठते. पण दोरीवर पकडीने दाबून बसवायच्या गोळीला हा माल चालत नाही, दाबताना ती तडकते. तिला मऊ, शुद्ध शिसेच हवे. चाकांच्या वजनांत हल्ली जस्त आणि लोखंडही मिसळलेले येते. शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, जस्त ४१९ अंशांना. आच मंद ठेवली तर जस्ताचे तुकडे न वितळता वर तरंगतात आणि झाऱ्याने काढता येतात. घाई करून आच वाढवली की जस्त मिसळते, आणि तो सगळा घाणा साच्यात नीट उतरत नाही.

बॅटरी मात्र फोडायची नाही. यावर आम्ही जोर देतो, कारण सर्वांत स्वस्त दिसणारे शिसे तेथेच असते. बॅटरीच्या पाट्यांवर शिशाचे ऑक्साइड आणि सल्फेट लिंपलेले असते, शिवाय गंधकाचे आम्ल असते. घरगुती शेगडीवर तो लेप वितळत नाही, त्याची धूळ होते. म्हणजे पैसे दिले त्या मानाने धातू हाती येत नाही आणि विष मात्र पुरेपूर मिळते. आपल्या देशात २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे हे काम फक्त नोंदणी झालेल्या कारखान्यांनीच करायचे आहे.

याचा एक दाखला आमच्या वाचकांनी जरूर ध्यानात ठेवावा. आफ्रिकेतील सेनेगल देशात डकार शहराच्या कडेला थियारोय-सुर-मेर नावाची मासेमाऱ्यांची वस्ती आहे. तेथील लोहार वर्षानुवर्षे मोटारीच्या बॅटऱ्यांतून शिसे काढून जाळ्यांची वजने ओतीत. आपल्या कोकणातल्या कारागिराला ओळखीचे वाटेल असेच काम. त्या कामाचा चुरा वाळूत मिसळत राहिला. पुढे जगात शिशाचा भाव चढला, तेव्हा लोकांनी तीच वाळू खणली, घरी आणली आणि चाळून त्यातले शिशाचे कण विकू लागले. २००७ च्या नोव्हेंबरपासून २००८ च्या मार्चपर्यंत त्या वस्तीत १८ लहान मुले मरण पावली. प्रथम कारण कळेना. मग तेथे राहणाऱ्या ८१ जणांची तपासणी झाली, आणि त्या सर्वांच्या अंगात शिशाचे विष निघाले. त्या आई-बापांनी कोणताही गैरधंदा केला नव्हता. चार पैसे मिळतात म्हणून माल अंगणात आणला, एवढेच.

मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशाचा सुमारे दहावा हिस्सा अंगात भिनतो, लहान मुलाच्या बाबतीत तो निम्म्यापर्यंत जातो. ते मेंदूवर परिणाम करते, हाडांत साठते आणि तेथे वर्षानुवर्षे राहते. गरोदर स्त्रीच्या रक्तातून ते पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते. रक्तातले शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक आहे, असे जागतिक आरोग्य संघटना कोणत्याच आकड्याविषयी म्हणत नाही. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, हा धंदा घरगुती असला तरी घरात, स्वयंपाकघरात, ओट्यावर किंवा मुले खेळतात त्या अंगणात करू नये. वस्तीपासून दूर, वर पत्रा आणि बाजू मोकळ्या असलेली जागा पाहावी. तशी जागा नसेल तर धंदा नको.

जागा मिळाली तर काम असे करावे. जाड बुडाची लोखंडी कढई आणि लोखंडी पळी घ्यावी, ॲल्युमिनियमचे भांडे नको. शिशाला लागलेली भांडी पुन्हा स्वयंपाकात आणायची नाहीत, कितीही घासली तरी. वारा पाठीवर घेऊन बसावे. शिसे वितळल्यावर मेणबत्तीच्या मेणाचा लहान तुकडा टाकून ढवळावे. मेण भडकते, म्हणून तोंड लांब ठेवावे. मळी वर येते, ती काढून झाकणाच्या डब्यात भरावी. पृष्ठभागावर निळी-जांभळी झाक दिसू लागली तर आच जास्त झाली आहे. जितकी आच जास्त तितकी मळी आणि धूर जास्त.

साचा ॲल्युमिनियमचा उत्तम. आतून दिव्याची काजळी धरली की गोळी सहज सुटते. दोरी ओवण्याचे भोक हवे असेल तर काजळी धरलेली निमुळती सळई साच्यात ठेवावी आणि नंतर पिळून काढावी. साचा आधी गरम करावा. पहिल्या काही गोळ्यांवर सुरकुत्या पडतात, त्या थंड साच्यामुळे. त्या परत कढईत टाकाव्या. उलट गोळी पांढुरकी, खडबडीत निघाली तर समजावे की उष्णता जास्त झाली. ओतण्याच्या तोंडाशी राहिलेला दांडा पकडीने कापावा. कानस किंवा पॉलिश कागद वापरू नये, त्याची धूळ उडते.

सर्वांत मोठा अपघात पाण्याचा. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा एक थेंब सापडला तरी त्याची क्षणात सुमारे सोळाशे पट वाफ होते आणि शिसे तोंडावर उडते. भंगाराचा ओला तुकडा, ओली पळी, कपाळावरचा घाम, काहीही पुरते. नवा तुकडा आधी कढईच्या काठावर तापवून, सुकवून मगच आत सोडावा. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा वरून कोरडा दिसला तरी आत ओल धरून असतो. पावसाळ्यात तो वापरूच नये.

अंगावरच्या कपड्याविषयी मात्र आम्ही अधिकाराने बोलू शकतो. या कामाला जाड सुती कापड, पुऱ्या बाह्यांचे. टेरिकॉट, नायलॉन आणि पॉलिएस्टर दिसायला टिकाऊ, पण गरम थेंब पडताच वितळून कातडीला चिकटतात. पायात चामड्याचे बंद बूट, हातात चामड्याचे मोजे, डोळ्यांवर चष्मा. तोंडाला रुमाल बांधून शिशाची बारीक धूळ अडत नाही, त्यासाठी धुळीचा प्रमाणित मास्क लागतो. कापडाच्या विणीत धूळ बसते, म्हणून कामाचे कपडे जागेवरच उतरवावे, झटकू नयेत आणि घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावे. हातपाय धुतल्याशिवाय पाणी, पान, विडी काही नको. जमीन कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. गोळी दातांनी दाबून बसवण्याची सवय काहींना असते, ती गिऱ्हाइकालाही सोडायला सांगावी.

हे सर्व जड वाटत असेल तर दुसरा माल पाहावा. ५० ग्रॅम शिसे समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेपंचेचाळीस ग्रॅमचा भार देते. तेवढ्याच भाराला लोखंड साधारण ५२ ग्रॅम लागते आणि आकार दीडपट होतो. लोखंड गंजते, हा त्याचा दोष. सिमेंट ८२ ग्रॅमच्या आसपास लागते, आणि आकार तर आठपट. म्हणजे पागाला सिमेंट निरुपयोगी, पण एका जागी बुडवून ठेवायच्या जाळ्याला ते चालते, आणि तेथे विषही नाही. इंग्लंडमध्ये राजहंस शिसे गिळून मरू लागल्यामुळे १९८७ पासून गळाच्या लहान शिसे-वजनांची विक्री बंद आहे. परदेशी पाठवण्याचा विचार करणाऱ्यांनी त्या त्या देशाचा कायदा आधी पाहावा.

शेवटी हिशेब. किमतीत शिसे, जळण, मळीत जाणारी घट, मोजे-मास्क, जागेचे भाडे आणि स्वतःची मजुरी धरावी. घट पहिल्या घाण्याला वजन करून ठरवावी, कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये. शिशाचा भाव लंडनच्या धातूबाजाराप्रमाणे हलतो, म्हणून साठा थोडा ठेवावा आणि माल किलोवर विकावा. फाटलेल्या जाळ्यांवरची जुनी वजने गिऱ्हाइकाकडून बदल्यात घ्यावी. हे शिसे भंगारापेक्षा स्वच्छ असते. फक्त त्यात मिठाचे पाणी मुरलेले असते. ती फोडून, धुऊन, उन्हात पुरती वाळवून आणि काठावर तापवूनच कढईत सोडावी.