क्षमा मिळाली, तरी टोचणी का?

प्रश्न : वडिलांच्या पश्चात भावाच्या वाट्याचे पैसे मी लपवले. देवाजवळ अनेकदा कबुली दिली, तरी मन खातं. मला क्षमा मिळालीच नाही का?

उत्तर : टोचणी उरली म्हणजे क्षमा नाकारली गेली, असा अर्थ शुभवर्तमानांतून निघत नाही. पेत्राचंच पाहा. प्रमुख याजकाच्या वाड्यात, कोळशाच्या विस्तवापाशी शेकत असताना त्यानं येशूला नाकारलं, तेही एकूण तीनदा. योहानाच्या 21व्या अध्यायात सरोवराकाठी पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासळी आहे, आणि येशू त्याला आपल्यावरच्या प्रेमाविषयी तीनदा विचारतो. तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी होतो. आठवण पुसलेली नाही, दुखणं आहेच. तरीही त्याच वेळी मेंढरं सांभाळायचं काम त्याच्यावर सोपवलं जातं.

मग क्षमा इतकी स्वस्त का, असं कुणी विचारेल. आक्षेप रास्त आहे. पण लूकच्या 19व्या अध्यायातला यरीहोचा जकातदार जक्कय आठवा. येशू आधी त्याच्या घरी उतरायचं ठरवतो. लुबाडलेल्यांना चौपट परत द्यायचा शब्द जक्कय त्यानंतर देतो. परतफेडीनं त्यानं क्षमा विकत घेतली नाही, क्षमेमुळे त्याचा हात सुटला. तुमची अडचण मला इथेच दिसते. देवाजवळ कबुली झाली. भावाला मात्र काही सांगितल्याचं तुम्ही लिहीत नाही. पैसे व्याजासह परत करा, आणि का करताय तेही सांगा. तो रागावेल, कदाचित बोलणंही टाकेल. तो त्याचा हक्क आहे. देवाची क्षमा त्याच्या होकारावर अडलेली नाही.