उत्तरेकडील नगरांतील अन्नपान

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही उभयता कोपनहेगन, स्टॉकहोम व हेलसिंकी पाहण्यास निघालो आहोत, खाण्यापिण्याची व्यवस्था कशी ठेवावी?

उत्तर : मुख्य भोजन दुपारीच उरकावे, कारण स्टॉकहोमात कामाच्या दिवशी मिळणाऱ्या ‘दागेन्स लंच’च्या माफक दरात बहुधा सॅलड, पाव व कॉफीही अंतर्भूत असते. कोपनहेगनचे स्मरब्रॉड, म्हणजे राईच्या काळ्या पावावर लोणी थापून वर हेरिंग मासळी व कच्चा कांदा रचलेला तो डोलारा, सुरीकाट्यानेच खावे. आपल्याकडे ज्याच्या वासाने मुले नाके मुरडतात तो शेपू हेलसिंकीच्या बंदरकाठच्या बाजारात सामन माशाच्या दुधाळ सूपमध्ये सन्मानाने विराजतो. ते अवश्य घ्यावे. स्वीडनमध्ये ३.५ टक्क्यांहून कडक मद्याच्या किरकोळ विक्रीचा मक्ता सरकारी ‘सिस्तेमबोलागेत’कडे असून ती दुकाने रविवारी बंद असल्याने वाइनची बेगमी शनिवारी दुपारपूर्वीच करावी. नळाचे पाणी निःशंक प्यावे.