भट्टी सांध्यातून जाते

चि. बाळास,

कुपवाडच्या फौंड्रीत तुला भट्टीच्या अस्तराच्या कामाला लावलंय, आणि मोल्डिंग मिळालं नाही म्हणून तू खट्टू आहेस, असं वहिनींच्या बोलण्यात आलं. खट्टू होण्यासारखं त्यात काही नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. पुढे सातारा रोडला धनजीशा कूपरांचा कारखाना उभा राहिला. दोघांचे नांगर घरोघरी पोचले, पण क्युपोल्यात, म्हणजे बीड वितळवायच्या भट्टीत, उतरून अस्तर लिंपणाऱ्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही. भट्टी चालवून झाली की आतलं झिजलेलं अस्तर खरवडून पुन्हा लिंपावं लागे, तेव्हा कुठे पुढचं बीड वितळे.

आपला मुलूख सगळा काळ्या दगडाचा. हा दगड म्हणजे गोठलेला लाव्हाच. बाराशे अंशांच्या आसपास तो परत पातळ होतो. बिडाची धार पडते ती साधारण चौदाशेला, म्हणून अस्तराला हा दगड चालत नाही. काळी माती तर नुसती वाळली तरी भेगाळते. त्यामुळे कृष्णाकाठच्या गुऱ्हाळाची चूल लिंपायला चालणारी माती फौंड्रीत नापास. तिथे लागते ती अग्निमाती, म्हणजे तुमची फायरक्ले. ती आपल्याकडे चंद्रपूरसारख्या लांबच्या भागातून येते; त्याहून जास्त उष्णता सोसणारी कायनाइट, सिलिमनाइट ही खनिजं भंडाऱ्याकडची.

आता मुद्द्याचं. भट्टी विटेत क्वचित फुटते, सांध्यात फुटते. घरं बांधणारा गवंडी सवयीने बोटभर मसाला थापतो. भट्टीत सांधा दोन-तीन मिलिमीटरच्या वर गेला की वितळलेल्या धातुमळीला आत शिरायला वाट मिळते. वीट पातळ मसाल्यात बुडवून लाकडी हातोडीने ठोकून बसवणारा कारागीर दिसला, तर त्याच्याच हाताखाली राहा. मसालाही विटेच्याच जातीचा हवा. त्यात भाजलेल्या विटेची पूड असते, ती आकसणं रोखते.

घट्ट बसावा म्हणून कुणी त्यात साधं सिमेंट मिसळायला सांगेल. मिसळू नकोस. चार-पाचशे अंशांपुढे सिमेंटमधला चुना पाणी सोडतो, भट्टी निवली की हवेतली ओल शोषून फुगतो आणि अस्तर उखडतं. भट्टीसाठी ॲल्युमिनायुक्त सिमेंट वेगळं मिळतं. ज्यूल बिए या फ्रेंच माणसाने १९०८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. शिवाय साध्या फायरक्लेच्या मसाल्याला खरी पकड हजारेक अंशांनंतर येते. थंड असतानाच पकड धरणारा मसाला हवा असेल तर सोडियम सिलिकेटवाला मागवावा.

आणि घाई. ऑर्डर तुंबली की सुपरवायझर ओलं अस्तर लगेच पेटवायला लावतो. आतल्या पाण्याची वाफ कोंडते नि तुकडे उडतात. शंभर-दीडशे अंशांवर अस्तर निवांत सुकू द्यायचं, मग हळूहळू चढवायचं. इंडक्शन भट्टीत अस्तर म्हणून क्वार्ट्‌झची भुकटी ठोकून भरतात. ५७३ अंशांवर क्वार्ट्‌झ एकदम प्रसरण पावतो, म्हणून तिथे तर जास्तच सबुरी. शिफ्टचा माणूस रागावला तर रागावू दे. तापमानाची नोंद वहीत लिहून त्याची सही घे.

जुनं अस्तर फोडताना उडणारी धूळ सिलिकाची असते. ती फुप्फुसात साठते, निघत नाही. रुमाल बांधून भागत नाही, धुळीचा चांगला मास्क माग. आधी पाणी मारून मगच छिन्नी लाव. स्टोअरवाले मास्क देत नसतील तर कळव, साताऱ्याहून पाठवतो.

तुझा काका