चिंचोक्यांचा हिशेब आणि उंबरखिंडीचा खेळ



दिवाळीत तुमच्यापैकी अनेकजण अंगणात मातीचा किल्ला करतात. किल्ला उभा राहिला, मावळे मांडून झाले, की पुढे काय करायचे हा प्रश्न पडतो. गेल्या दिवाळीत रोह्याला आमच्या शेजारच्या मुलांनी यावर एक तोड काढली. पेणच्या बाजारातून आणलेले मातीचे सैनिक घेऊन ती लढाईचा खेळ खेळू लागली. प्रत्येक सैनिकापुढे शिधा म्हणून पाच-पाच चिंचोके ठेवलेले. सैनिक हलला की चिंचोका कमी करायचा. अर्ध्या तासात भांडण सुरू झाले. कोणाच्या कोपराचा धक्का लागून दोन ढीग एकत्र झाले, आणि "माझे चार होते", "नाही, तीनच होते" असा वाद पेटला. तो वाद मिटवताना आम्ही खेळाचे नियम नव्याने बसवले. त्या नियमांत भौतिकशास्त्राचा एक मोठा धडा दडलेला आहे. तोच आज पाहू.

मांडलेल्या सैनिकांची लढाई हा पोरखेळ समजू नका. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा असा खेळ वापरला जाई, आणि प्रसिद्ध विज्ञानकथालेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने छापले. आपण मात्र आपल्याच जिल्ह्यातली लढाई घेऊ.

उंबरखिंडीत काय घडले?

रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. येथून वाहणारी अंबा नदी पुढे नागोठण्यावरून जाऊन धरमतरच्या खाडीला मिळते. शाएस्ताखानाने पाठवलेला कारतलबखान फेब्रुवारी १६६१ मध्ये घाट उतरून या खिंडीत आला. शिवाजी महाराजांनी खिंडीची पुढची आणि मागची, दोन्ही तोंडे अडवली. गर्द झाडी, अरुंद वाट आणि पाण्याची टंचाई, अशा कोंडीत खानाचे मोठे सैन्य सापडले. अखेर खानाला शरण येऊन खंडणी द्यावी लागली आणि सामानसुमान टाकून परत जावे लागले. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात या लढाईचे वर्णन आहे.

सैन्य मोठे असूनही खान का हरला? याचे एक उत्तर चिंचोक्यांनी देता येते.

खेळाचे नियम

खानाचे सैनिक १२, मावळे ६. खानाचे सैनिक खिंडीच्या तळाशी आणि मावळे माथ्यावर. तळापासून माथा तीन वीत उंच चढावर असावा. एकूण १२० चिंचोके मोजून घ्या आणि चार वाट्या ठेवा. खानाच्या वाटीत ६०, मावळ्यांच्या वाटीत २०, ‘विहीर’ या वाटीत ४०, आणि ‘खर्च’ ही वाटी रिकामी.

एक फेरी म्हणजे एक तास समजा. प्रत्येक फेरीत मावळ्यांनी विहिरीतून ६ चिंचोके घ्यावेत. खानाला विहीर नाही. मग खर्च असा करावा :

(१) प्रत्येक सैनिकाचा फेरीचा शिधा : १ चिंचोका. तो नुसता उभा असला तरीही.
(२) सपाटीवर वीतभर चाल : जादा १.
(३) चढावर वीतभर चाल : जादा २.
(४) हल्ला : जादा १.

एका फेरीत एका सैनिकाने एक वीतच चालावे. हल्ला झाला की दोघांनी चार-चार कवड्या टाकाव्यात. ज्याच्या अधिक उताण्या पडतील तो जिंकला. हरलेला सैनिक पटाबाहेर जाईल. बरोबरी झाली तर दोघेही जागच्या जागी. खानाचे तीन सैनिक माथ्यावर पोचले तर खान जिंकला. त्याआधी त्याची वाटी रिकामी झाली तर मावळे जिंकले. विहीर आटली तर ‘खर्च’ वाटीतले चिंचोके पुन्हा विहिरीत टाकावेत.

चढाला दोन चिंचोके का?

हा आकडा मनाने घेतलेला नाही. माणसाला दिवसाला साधारण २००० किलोकॅलरी लागतात असे धरू. म्हणजे तासाला सुमारे ८३. हा झाला आपला एक चिंचोका. आता ६० किलोग्रॅम वजनाचा माणूस तासाभरात ३०० मीटर चढला, तर त्याने केलेले कार्य ६० × ९.८ × ३०० = १,७६,४०० जूल, म्हणजे सुमारे ४२ किलोकॅलरी. पण आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कार्यात उतरवतात. बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून खरा खर्च ४२ × ४ = १६८ किलोकॅलरी, म्हणजे जवळजवळ दोन चिंचोके!

खानाने काय करावे?

खान नुसता बसून राहिला, तर दर फेरीला १२ खर्च. ६० चिंचोके पाच फेऱ्यांत संपतील. मावळ्यांची आवक ६ आणि खर्च ६, म्हणून त्यांची शिल्लक जशीच्या तशी राहील. अर्थात वेळ मावळ्यांच्या बाजूने आहे.

सगळ्यांनीच चढायचे ठरवले, तर दर फेरीला १२ + २४ = ३६ खर्च होईल. दोन फेऱ्यांनाही साठा पुरणार नाही. माथा तर तीन फेऱ्यांवर आहे. म्हणून थोडेच सैनिक पाठवले पाहिजेत. तीन फेऱ्यांत बारा जणांचा शिधा ३६. उरले २४. एका सैनिकाला माथा गाठायला जादा ६ लागतात, म्हणून जास्तीत जास्त चारजण चढू शकतील, आणि मग हल्ल्यासाठी एकही चिंचोका उरणार नाही. तिघेच पाठवले तर हल्ल्यासाठी ६ उरतील.

आता समजा, खानाने एक फेरी विचार करण्यातच घालवली. शिल्लक राहिली ४८. त्यातून तीन फेऱ्यांचा शिधा ३६ वजा केला तर उरले १२. त्यात दोघेच चढतील. म्हणजे एकाच फेरीच्या दिरंगाईने डाव हातचा गेला! लढताना एखादा सैनिक पटाबाहेर गेला तर खाणारे तोंड कमी होते. तेव्हा दर वेळी हिशेब नव्याने मांडावा लागतो.

मुलांच्या पहिल्या पद्धतीकडेही पाहा. प्रत्येकापुढे पाच चिंचोक्यांचा वेगळा ढीग होता. माथा गाठायला एकाला शिधा ३ आणि जादा ६, असे ९ लागतात. पाचांत कोणीच पोचणार नाही! एकूण साठा तोच, ६०. पण तो वाटून टाकला की निरुपयोगी आणि एकत्र ठेवला की उपयोगी. शिवाय बारा ढिगांत चूक व्हायला बारा जागा असतात, वाटीत एकच.

हरवलेला चिंचोका

प्रत्येक फेरीनंतर चारही वाट्या मोजाव्यात. बेरीज १२० आलीच पाहिजे. चिंचोका या वाटीतून त्या वाटीत जातो, पण नाहीसा होत नाही. आमच्या खेळात एकदा ११९ आले. धाकटा म्हणाला, "एकाने काय बिघडते?" थोरलीने मात्र ऐकले नाही. तिने किल्ला धुंडाळला, तेव्हा एका मावळ्याच्या बैठकीखाली मातीत रुतलेला चिंचोका सापडला.

शास्त्रज्ञांवरही असाच प्रसंग आला होता. काही किरणोत्सारी अणुकेंद्रांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. आधीची आणि नंतरची ऊर्जा मोजली तर नंतरची कमी भरत असे. ऊर्जा अक्षय्य असते हा नियमच येथे लागू नसावा, असे नील्स बोर यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञालाही वाटू लागले. वुल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये वेगळा विचार मांडला. हिशेब बरोबर आहे, पण ऊर्जेचा एक वाटा घेऊन जाणारा एखादा कण आपल्याला दिसत नसावा, असे ते म्हणाले. हा कण म्हणजे न्यूट्रिनो. राइन्स आणि कोवन यांनी १९५६ मध्ये प्रयोगाने त्याचे अस्तित्व दाखवले. पुढे १९६५ मध्ये आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली खोलवर, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या.

बेरीज जुळत नसेल तेव्हा आकडा ओढूनताणून जुळवू नये. हरवलेले शोधावे.

करून पाहा

(१) खानाने १२ ऐवजी ८ सैनिक आणले, साठा तोच ६०. पहिल्या फेरीपासून चढू लागल्यास जास्तीत जास्त किती सैनिक माथा गाठतील?
(२) मावळ्यांची विहीर बंद केली, तर काहीही न करता ते किती फेऱ्या तग धरतील?

(उत्तरे : (१) ६. सैन्य लहान असूनही पोचणारे अधिक! (२) ३ फेऱ्या, शिल्लक २.)

शिक्षकांनी हा खेळ वर्गात बाकावर, मातीऐवजी वह्यांचे ढीग रचूनही घ्यावा. दर फेरीची आवक, जावक आणि शिल्लक फळ्यावर लिहिण्याचे काम मात्र विद्यार्थ्यांकडेच द्यावे.