अमीबाच्या पोटात काय असते?

"डॉक्टरसाहेब, माह्या पोटात अमीबा हाय." आठवड्यातून चार-पाच रुग्ण तरी हे वाक्य बोलतच माझ्यासमोर बसतात. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जुन्या रिपोर्टांची चळत असते. कुणाचा अमीबा दहा वर्षांचा, तर कुणाचा लग्नाच्या आधीपासूनचा. जणू जुना भाडेकरूच, घर सोडायचे नाव घेत नाही. यापैकी कुणीही अमीबा डोळ्यांनी पाहिलेला नसतो. खरे सांगायचे तर कागदावरची ओळ वाचून गोळ्या लिहून देणाऱ्या आम्हा डॉक्टरांपैकीही अनेकांनी कॉलेज सुटल्यावर तो पाहिलेला नसतो. म्हणून वाचकहो, आज औषधांची नावे बाजूला ठेवून आपण एका काचपट्टीवर नजर टाकू या.

गेल्या पावसाळ्यात आठवीतली माझी नात पवनारला धाम नदीकाठच्या एका डबक्यातून बाटलीभर पाणी घेऊन आली. शाळेत "एकपेशीय सजीव" हा धडा सुरू होता. माझ्याकडे नागपूरहून फार पूर्वी घेतलेले जुने सूक्ष्मदर्शक यंत्र आहे. त्याला एकच डोळा आणि खाली आरसा, खिडकीचा उजेड पकडून पाहावे लागते. नुसत्या पाण्याच्या थेंबात सहसा फारसे काही दिसत नाही. म्हणून मूठभर गव्हाचे कुटार पाण्यात उकळले, ते पाणी थंड केले आणि त्यात डबक्यातले पाणी मिसळून बरणी पाच दिवस झाकून ठेवली. घरच्यांनी वासाबद्दल तक्रार केली, ती रास्तच होती. कुटाराच्या पाण्यावर आधी जिवाणू माजतात, आणि जिवाणूंवर जगणारे प्राणी त्यांच्या मागोमाग वाढतात. सहाव्या दिवशी वरच्या सायीखालचा एक थेंब काचपट्टीवर घेतला. प्राणी फार पळू नयेत म्हणून त्यात कापसाचे चार तंतू टाकले आणि शंभरपट मोठे करून पाहिले.

पहिल्यांदा दिसला तो पॅरामेशियम, चपलेच्या तळव्याच्या आकाराचा. लांबी मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. अंगभर बारीक केस, ते वल्ह्यांसारखे हलतात. त्याच्या एका बाजूला खोबण असते. केसांच्या हालचालीने पाण्याचा प्रवाह त्या खोबणीत शिरतो, त्यासोबत जिवाणूही जातात आणि तळाशी त्यांचा एक गोल थेंब तयार होतो. थेंब पुरेसा भरला की तुटून पेशीच्या आत फिरू लागतो. हेच त्याचे जेवण आणि हेच त्याचे पोट. प्रत्येक घासासाठी नवे पोट!

हे नीट दिसावे म्हणून एक जुनी युक्ती केली. बेकरीतले चिमूटभर यीस्ट काँगो रेड नावाच्या रंगात उकळून त्यातले थोडे थेंबात सोडले. (हा रंग विषारी आहे, तो मुलांच्या हाती देऊ नये.) काँगो रेड साधारणपणे लाल असतो, पण तीव्र आम्लात निळा होतो. दोन-तीन मिनिटांतच पॅरामेशियमच्या अंगात लाल थेंब दिसू लागले. नात डोळा लावून बसली होती. थोड्या वेळाने ती ओरडली, "आबा, हा निळा झाला!" म्हणजे त्या इवल्याशा थेंबात आम्ल पाझरले होते. आपल्या जठरातही आम्लच असते. ज्याला जठर नाही, आतडे नाही, तोंडसुद्धा नावापुरते, त्या प्राण्याच्या अंगात पचनाची पहिली पायरी आमच्या डोळ्यांसमोर घडत होती. शेवटी उरलेला चोथा अंगाच्या एका ठरावीक जागेतून बाहेर टाकला जातो, तेही दिसते. त्यावर नातीने केलेली टिप्पणी इथे छापता येणार नाही.

व्हॉर्टिसेलाही सापडली. देठावर उलटी घंटा लावावी तशी ती दिसते. काठावरच्या केसांनी ती भोवरा निर्माण करते आणि दूरचे जिवाणू आपल्याकडे ओढून घेते. काचेला टिचकी मारली की देठाची स्प्रिंगसारखी गुंडाळी होते. पण आम्हाला हवा होता अमीबा. तो वरच्या सायीत नसतो. बुडालेल्या कुजक्या पानांची खालची बाजू ब्रशने खरवडावी लागते. दोन दिवस हाती काही लागले नाही. तिसऱ्या दिवशी एक राखाडी ठिपका काचेवर हळूच पसरताना दिसला.

अमीबाला ना तोंड, ना केस, ना ठरावीक आकार. अंगाचाच एक भाग पुढे ढकलतो आणि उरलेला त्यात ओतत नेतो. भक्ष्य जवळ आले की दोन्ही बाजूंनी हात पुढे करून त्याला मिठीत घेतो आणि मिठी मिटते. आमच्या डोळ्यांदेखत त्याने एक लहानसा प्राणी धरला. आत गेल्यावरही तो काही वेळ धडपडत होता. नातीला त्याची दया आली. मला मात्र एक जुनी गोष्ट आठवली, ती पुढे सांगतो.

हा डबक्यातला अमीबा आपल्याला काहीही करत नाही. आपल्या आतड्यात राहणारा तो वेगळा. त्याचे नाव एंटअमीबा हिस्टोलिटिका, म्हणजे पेशीजाल विरघळवणारा. डबक्यातल्या मोठ्या अमीबापेक्षा तो बराच लहान, बहुधा मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा. रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील फ्योदोर ल्योश या डॉक्टरांनी हगवणीच्या रुग्णाच्या मळात असे अमीबा पाहिल्याचे १८७५ साली प्रसिद्ध केले. मात्र आतड्यात अमीबा असणे आणि अमीबाचा रोग असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अगदी असाच दिसणारा एंटअमीबा डिस्पार नावाचा त्याचा भाऊ आहे, तो आतड्यातले जिवाणू खाऊन गुमान राहतो. हे दोघे वेगळे आहेत असे फ्रान्सच्या एमिल ब्रम्प्ट यांनी १९२५ मध्येच सांगितले होते. शास्त्राने ते रीतसर मान्य केले १९९३ मध्ये! मधली अडुसष्ट वर्षे दोघांनाही एकच औषध देण्यात गेली.

मग भिंगाखाली फरक कळणार कसा? इथेच खाण्याचा संबंध येतो. दोघांचा आकार सारखा, चाल सारखी, कोषही सारखेच. पण ज्याच्या पोटात रक्तातल्या तांबड्या पेशी दिसतात, तो बहुधा खरा गुन्हेगार असतो. चोरीचा माल खिशात सापडावा तसे हे आहे. म्हणून रक्ती आव पडणाऱ्या रुग्णाच्या ताज्या मळात तांबड्या पेशी गिळलेला, सरकणारा अमीबा दिसला, तर ते निदान भक्कम. नुसता "कोष आढळले" असा रिपोर्ट हे निदान नव्हे. कसलाही त्रास नसेल, तर निव्वळ अशा कोषांसाठी औषध देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९७ मध्येच सांगितले आहे. हिस्टोलिटिकाच आहे असे खास तपासणीने ठरले, तर गोष्ट निराळी.

तो गिळतो एवढेच नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, की हा अमीबा माणसाच्या जिवंत पेशींचे आधी लचके तोडतो आणि त्यातून त्या पेशी मरतात. आतड्याला जखमा होतात त्या अशा.

रक्तावर जगणारा आणखी एक एकपेशीय प्राणी आपल्या जिल्ह्याला चांगलाच ठाऊक आहे, तो म्हणजे हिवतापाचा परजीवी. तो तांबड्या पेशीच्या आत शिरून एका सूक्ष्म तोंडाने तिथले हिमोग्लोबिन खातो आणि उरलेल्या लोहाचे काळपट कण मागे ठेवतो. भिंगाखाली ते कण ओळखू येतात. १९३६ मध्ये गांधीजी सेगावला राहायला आले आणि त्याच वर्षी हिवतापाने पडले. त्यांना वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात ठेवावे लागले होते. सेगावचे सेवाग्राम झाले ते नंतर, १९४० मध्ये.

आता ती जुनी गोष्ट. १९९८ सालची. आर्वीकडच्या एका खेड्यात माझे मामा राहत. साठीचे, काटक, शेतात राबणारे. त्यांना शौचातून रक्त जाऊ लागले. पहाटे घेतलेला नमुना औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून ते एसटीने गेले. एका प्रयोगशाळेत तो तपासला गेला दुपारी, आणि कागदावर आले, "अमीबाचे कोष आढळले." मी कागद वाचला आणि मेट्रोनिडॅझोल लिहून दिले. महिनाभर बरे वाटले. पुन्हा रक्त, पुन्हा गोळ्या. "बाप्पा, तुह्या या गोळ्या खाल्ल्या का तोंड कडू जहर होते गा," ते म्हणायचे आणि हसायचे. असे आठ महिन्यांत तीनदा झाले. नमुना मी स्वतः एकदाही भिंगाखाली पाहिला नाही. गुदद्वारातून बोट घालून करायची एका मिनिटाची तपासणी मी केली नाही, कारण ते माझे मामा होते आणि मला संकोच वाटला. धोतर कमरेला राहीना, तेव्हा त्यांना नागपूरला नेले. तिथल्या सर्जनच्या बोटाला गाठ लगेच लागली. कर्करोग होता, पसरलेला. पुढच्या वर्षी पोळ्याच्या आधी मामा गेले. कोष कदाचित खरोखरच असतील. रक्त मात्र त्यांच्यामुळे जात नव्हते.

म्हणून चाळिशीनंतर शौचातून रक्त जात असेल आणि उपचाराने पुरते थांबत नसेल, किंवा थांबून परत सुरू होत असेल, तर "जुना अमीबा" या शब्दावर विसंबू नका. डॉक्टरांकडून बोटाने तपासणी करून घ्या, गरज पडली तर दुर्बिणीची तपासणीही. डॉक्टर संकोचत असतील तर तुम्हीच म्हणा.

चूक उलट बाजूनेही होते. जिवाणूंमुळे होणाऱ्या आमांशात मळामध्ये आपल्याच शरीरातल्या मोठ्या भक्षक पेशी उतरतात. त्या अमीबासारख्याच सरकतात, कधी तांबड्या पेशीही गिळतात, आणि घाईत पाहणाऱ्याला अमीबा वाटतात. पेशी खातात हे ओळखले मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने. १८८२ साली इटलीतल्या मेसिना येथे त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्यांभोवती पेशींनी गराडा घातलेला. १९०८ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. डबक्यातला अमीबा ज्या पद्धतीने जेवतो, त्याच पद्धतीने आपल्या रक्तातली पांढरी पेशी जंतू गिळते. माझ्या नातीला हे पटायला वेळ लागला. "म्हणजे आपल्या अंगात अमीबे आहेत?" ती विचारत राहिली. तसे नाही, पण प्रश्न चांगला होता. अचानक सुरू झालेली रक्ती हगवण, जोराचा ताप आणि दिवसातून वीस-वीस वेळा शौच असेल, तर बहुधा जिवाणू असतात आणि औषध वेगळे लागते. अमीबाचा आमांश सहसा सावकाश येतो, ताप कमी असतो.

नमुना देताना एवढे करा. सरकणारा अमीबा शरीराबाहेर फार वेळ टिकत नाही. थंड झाला की आक्रसतो, हलणे थांबते, मग तो ओळखू येत नाही. म्हणून शक्यतो प्रयोगशाळेतच शौचास जाऊन नमुना द्यावा. ते जमत नसेल तर अर्ध्या तासाच्या आत पोहोचवावा. डबी स्वच्छ, कोरडी, रुंद तोंडाची असावी. तिच्यात लघवी किंवा पाणी पडू देऊ नये. रक्त किंवा आव असलेला भाग मुद्दाम घ्यावा. एका तपासणीत काही दिसले नाही तर वेगवेगळ्या दिवशी तीनदा तपासावे. नुकत्याच गोळ्या घेतल्या असतील तर तसे सांगावे.

कोष पोटात जातात ते दूषित पाणी, न धुतलेले हात आणि कच्ची भाजी यांच्यामार्फत. पिण्याच्या पाण्यात नेहमी टाकतात तेवढ्या क्लोरीनने ते खात्रीने मरत नाहीत. तुरटीने गाळ बसतो, कोष मरत नाहीत. फडक्यातूनही ते सहज पार होतात. पाण्याला खळखळून उकळी फुटू द्यावी आणि ती मिनिटभर राहू द्यावी, म्हणजे काम झाले. सांबार, मुळा, मेथी कच्ची खायची असेल तर वाहत्या पाण्याखाली पान-पान धुवावे. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी हात साबणाने धुवावेत, नखांखालीही.

मुलांना डबक्यातले पाणी आणू द्यावे का, असे शेजारच्या बाईंनी विचारले. जरूर आणू द्यावे. बाटलीने घ्यावे, नंतर हात धुवावेत. कोमट साचलेल्या पाण्यात सूर मारणे मात्र टाळावे. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये मेंदूज्वराचे जे रुग्ण आढळले, त्यांतल्या काहींना नेग्लेरिया नावाच्या अमीबाने गाठले होते. तो एरवी जिवाणूच खातो, पण नाकात शिरलेल्या पाण्यातून मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. असे रुग्ण फार विरळ असतात, पण आजार जिवावरचा आहे. ते पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही.

आमची बरणी अजून गच्चीवर आहे. पॅरामेशियम संपत आले आहेत. आता त्यांना खाणारे कुणी तरी आत वाढले असावे, असे नातीचे म्हणणे आहे. रविवारी पाहणार आहोत.