मोहरीच्या कुळाची पारख

माघाच्या सुमारास बांधावर पिवळे फूल दिसले की ‘मोहरी उगवली असेल’ असे म्हणून आपण पुढे जातो. परंतु रंगावरून केलेली ही पारख पुष्कळदा फसते, आणि एका बाबतीत ती जिवावर बेतण्याजोगी आहे. ह्यासाठी मोहरीच्या कुळाची खरी लक्षणे प्रत्येक शेतकऱ्याने ध्यानात ठेविली पाहिजेत.

हे कूळ मुख्यतः उत्तरेकडील थंड व समशीतोष्ण प्रदेशांतले. भूमध्य समुद्राभोवतालचा मुलूख, मध्य आशिया व हिमालय ह्या भागांत त्याच्या रानटी जाती विपुल आहेत. दख्खनमध्ये त्या थोड्याच आढळतात. भोर-वेल्ह्याच्या मावळात आपला परिचय आहे तो लावलेल्या जातींशी : मोहरी, मुळा, कोबी, नवलकोल व अळीव.

लक्षणे शिकण्यास बियाण्यासाठी राखलेला मुळा व मोहरीचे एक झाड पुरे. मुळ्याचे फूल पांढरे वा जांभळट, मोहरीचे पिवळे. तरी रचना एकच. पाकळ्या चार, समोरासमोर फुलीसारख्या मांडलेल्या. त्यांच्या खाली हिरवट दळेही चारच. आतील पुंकेसर सहा, त्यांपैकी चार लांब व दोन आखूड. हे ‘चार लांब, दोन आखूड’ सर्वांत भरवशाचे लक्षण होय. मोहरीची पक्व शेंग उकलली असता दोन फाका गळतात व मधला पातळ पडदा देठावर उभा राहतो.

आता सोंगे घेणारी तणे पाहू. पावसाळ्यात उगवणाऱ्या पिवळ्या तिळवणीलाही चार पिवळ्या पाकळ्या व लांब शेंग असते. परंतु तिच्या पाकळ्या एकाच बाजूस वळलेल्या, पुंकेसर सहांहून पुष्कळ अधिक, पान तीन-पाच पर्णिकांचे व अंग चिकट असते. शेंगेत मधला पडदा नसतो.

दुसरे तण म्हणजे पिवळा धोत्रा. हा अमेरिका खंडातून आलेला, अफूच्या कुळातला. काटेरी पाने, त्यांवर पांढुरक्या शिरा, मोडताच निघणारा पिवळा चीक, चार ते सहा पाकळ्या, असंख्य पुंकेसर व काटेरी बोंड ह्यांवरून उभे झाड सहज ओळखते. घोटाळा होतो तो खळ्यावर. त्याचे बी काळसर, बारीक व मोहरीत मिसळले असता चटकन न कळणारे असते. अशा मिश्रणाचे तेल पोटात गेल्यास पाय सुजतात, धाप लागते, हृदय दुर्बल होते. कित्येकांच्या डोळ्यांसही अपाय होतो. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने साठांहून अधिक माणसे दगावली. फोडणीच्या कढीने हे विष नाहीसे होईल असे समजू नये.

म्हणून घाण्यावर मोहरी नेण्यापूर्वी मूठभर बी पांढऱ्या कापडावर पसरावे. मोहरी गुळगुळीत असून दाबल्यास आत पिवळी निघते. धोत्र्याचे बी खरखरीत असून आत पांढरे असते. शंकास्पद दाणे निघाल्यास ती रास तेलास वा फोडणीस वापरू नये. त्याहून उत्तम उपाय म्हणजे बोंडे धरण्यापूर्वीच हे तण उपटणे.

मात्र उपटण्याची घाई सर्वच अनोळखी फुलांबाबत नको. ओहोळाच्या कडेला वा गडाच्या उतारावर चार पाकळ्यांचे, सहा केसरांचे अपरिचित फूल आढळले, तर ती दुर्मिळ जातही असू शकेल. झाडे मोजावी, एकदोनच असतील तर हात लावू नये, छायाचित्र घ्यावे. पुष्कळ असतील तर फूल, शेंग व खालचे पान असलेली एक फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवावी. तीसोबत जागा, तारीख व फुलाचा ताजा रंग लिहावा, कारण वाळल्यावर रंग उडतो. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून पुण्यातच आहे. तेथे विचारपूस करावी.

सारांश, रंग पाहून नाव ठेवू नये. पाकळ्या मोजाव्या, केसर मोजावे, शेंग उकलून पाहावी. मगच काय राखावे व काय उपटावे हे ठरवावे.